मिटल्या डोळ्यांची चहाडी

एका गावात एक छोटी ख्रिस्ती मंडळी होती. चर्च पत्र्याचं होतं. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तालुक्याला राहायचे. त्यांच्याकडे अशी बरीच गावं होती, म्हणून ते महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून यायचे. एरवी मंडळी सांभाळायचे ते वडील. वडील म्हणजे कुणाचे बाप नव्हेत. मंडळीने निवडलेली जाणती माणसं. निदान जाणती असावीत अशी अपेक्षा.

या वडिलांत एक होता शांतवन. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीने मंडळीने भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. त्यात भाकरीचं तबक तो फिरवायचा. द्राक्षरसाचा प्याला मात्र फिरवायचे येसुदासबाबा, कारण ते मुख्य वडील होते. शांतवनचं अर्धं आयुष्य त्या प्याल्याकडे बघण्यात गेलं. मग येसुदासबाबा वारले. शांतवन त्यांच्या मातीला सगळ्यांत पुढे होता आणि सगळ्यांत जास्त रडला. दुसऱ्याच आठवड्यात त्याने नवा पांढरा सदरा शिवायला टाकला.

पाळकसाहेब पुढच्या भेटीला आले तेव्हा म्हणाले, "मुख्य वडील निवडायचा आहे. घाई नको. पहिल्या मंडळ्या उभ्या राहिल्या तेव्हापासूनचा नियम आहे. माणूस नेमस्त असावा. भांडकुदळ नसावा. पैशाचा लोभी नसावा. घर नीट चालवणारा आणि आल्यागेल्याला घरात घेणारा असावा. आणि बाहेरच्या लोकांनीही त्याच्याबद्दल चांगलं बोलावं. महिनाभर प्रार्थना करा. मी आलो की नाव ठरवू."

लोकांनी महिनाभर थांबायची गरजच ठेवली नाही. चर्चच्या दारात चपला घालता घालता नाव ठरून गेलं. ते नाव होतं याकोब.

याकोब लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नसराईत रविवारी उशिरा यायचा आणि प्रवचनात पेंगायचा. रागीटही होता. पण त्याच्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं. कुणाची म्हातारी दवाखान्यात असली की डबा त्याच्या घरून जायचा, आणि तो डबा गेला हे चर्चमध्ये सांगायला याकोब कधी उभा राहिला नाही. लोकांना हे आवडायचं. लोक काही मूर्ख नसतात. त्यांना फक्त वडिलांसमोर बोलता येत नाही.

शांतवनच्या कानावर नाव गेलं आणि त्याचं जेवण बिघडलं. समोरच्या गल्लीत याकोब सराव करायचा, त्याचा सूर घरात यायचा. शांतवनने खिडकी लावून घेतली. सूर तरी आलाच, कारण तो आता घरातूनच येत होता. त्याची बायको रेबेका भाकरी थापता थापता गुणगुणत होती.

"हे काय चाललंय?" शांतवन म्हणाला.

"गीत आहे. आपल्याच उपासनेतलं."

"चाल त्याची आहे."

"मग? चांगली चाल आहे."

"मी इतकी वर्षं तबक फिरवलं. आता वरातीत गाल फुगवणारा माणूस प्याला धरणार?"

"धरू दे की," रेबेका म्हणाली. "तुमचा हात तसाही कापतो आता."

ती हे सहज बोलली. पण त्या दिवसापासून शांतवनला याकोबाचं सगळं दिसायला लागलं. याकोबाच्या दारात कुणाच्या चपला आहेत. याकोबाला सलाम करताना कोण हसतं. मंडळीतला म्हातारा लेवी आधी त्याच्याकडे जातो की आपल्याकडे. दुसऱ्याच्या घरावर इतकं लक्ष ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात काय शिजतंय हे कळत नाही. शांतवनला तर भाजीची चवही कळेनाशी झाली होती.

आता तो उघड काही बोलू शकत नव्हता. वडिलाने निंदा करायची नसते, हे तो स्वतःच पोरांना शिकवायचा. पण त्याच्याकडे एक जागा अशी होती जिथे त्याला कुणी अडवू शकत नव्हतं.

दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा व्हायची. सगळे सतरंजीवर बसायचे, बायका डोक्यावर पदर घ्यायच्या, आणि एक जण मोठ्याने प्रार्थना करायचा. बाकीच्यांनी मान खाली घालायची, डोळे मिटायचे. मध्ये बोलायचं नाही. प्रार्थना देवाशी चाललेली असते, मधे तोंड घालणारे आपण कोण? शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे, तसंच होवो.

त्या बुधवारी शांतवनने प्रार्थना केली. पावसापाण्यासाठी केली, आजाऱ्यांसाठी केली. मग आवाज खाली आणला.

"आणि हे प्रभू, आमच्या याकोबभावाला सांभाळ. त्याचा धंदाच असा आहे. वरातीत चहूकडे बाटल्या असतात. माणूस कमजोर असतो, बापा. त्याचा पाय घसरू देऊ नको. तुला सगळं ठाऊक आहे. आम्ही काय सांगावं?"

"आमेन," सगळे म्हणाले. याकोबही म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं.

बाहेर आल्यावर याकोबाने त्याला गाठलं. "दादा, मी पितो असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी कुठं म्हणालो तू पितोस?"

"मग ते काय होतं?"

"मी म्हणालो, सांभाळ. आता तुझ्यासाठी प्रार्थनाही करायची नाही का आम्ही? इतका मोठा झालास?"

याकोब चपला पायात सरकवून घरी गेला. 

पुढच्या बुधवारी प्रार्थना वाढली. आता याकोबाच्या घरातली शांती प्रभूच्या हाती सोपवण्यात आली. त्याच्या पुढच्या बुधवारी त्याच्या लेकरांच्या उपाशी पोटासाठी कळवळून विनंती झाली. याकोबाची पोरं तेव्हा पुढेच बसून शेंगदाण्याची चिक्की खात होती. डोळे मिटलेले असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

बाकीचे वडील काय करत होते? ते आमेन म्हणत होते. त्यांना काय चाललंय हे कळत होतं. कळूनही ते गप्प होते, कारण शांतवन त्यांच्या वयाचा होता आणि याकोब नव्हता. आपल्यातल्या एकाला लहान माणसाने मागे टाकलं तर उद्या आपला नंबर, एवढा हिशेब त्यांना बरोबर जमत होता.

नळावर बायका याकोबाच्या बायकोला, साराला, विचारायला लागल्या.

"मारतो का गं?"

"कोण?"

"तुझा नवरा."

सारा हसली. "तो? त्याला पाल मारता येत नाही."

"लपवू नको बाई. आम्ही प्रार्थना करतोय तुझ्यासाठी."

सारा हसायची थांबली. त्या बुधवारी ती सभेला गेली नाही. तेव्हा शांतवनने सहभागितेपासून, म्हणजे मंडळीच्या सोबतीपासून, दूर गेलेल्या बहिणींसाठी प्रार्थना केली.

याकोब घरी येऊन म्हणाला, "मी पाळकसाहेबांना सांगतो. माझं नाव घेऊ नका. मला वाजवू द्या, बस."

"आणि मग?" सारा म्हणाली.

"मग हे बंद होईल."

"बंद होणार नाही. खरं ठरेल. उद्या आपल्या पोरी लग्नाला येतील तेव्हा लोक म्हणतील, बाप प्यायचा, म्हणून तर त्याला वडील केलं नाही."

याकोब त्या रात्री सराव न करताच झोपला. शांतवनला मात्र बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

ठरलेला रविवार आला. पाळकसाहेब आले. टेबलावर भाकर आणि प्याला पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवला होता. शांतवन नवा सदरा घालून आला होता. साहेबांनी याकोबाचं नाव वाचलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

शांतवन उठला. "हरकत नाही, साहेब. माझं प्रेमच आहे त्याच्यावर. पण नियम तुम्हीच सांगितला. बाहेरच्या लोकांची साक्ष हवी. ती घेतली का?"

त्याला खात्री होती. बँडवाल्यांत राहणारा माणूस. बाहेरचे लोक काही ना काही सांगतीलच.

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. मग आत्ताच जाऊन विचारू. मंडळी इथेच गीतं गाईल. तुम्ही चला. आणि सगुणाबाई, तुम्हीही."

सगुणाबाई म्हणजे येसुदासबाबांची विधवा. बायकांच्या सभेची ती प्रमुख होती. कमी बोलायची.

तिघं आधी बँडच्या मालकाकडे गेले. बशीरमास्तर ढोलाची दोरी ताणत बसले होते.

"याकोब कसा माणूस आहे?" साहेबांनी विचारलं.

"चिडका," मास्तर म्हणाले.

शांतवनचा चेहरा उजळला.

"नवी पोरं सूर चुकली की पाठीत धपाटा घालतो. मी सांगून दमलो. हे त्याला समजावा, तुमचं ऐकेल."

"आणि पिणं?" शांतवनने विचारलं.

"कुणाचं?"

"याकोबाचं."

मास्तर हसायला लागले. "एकदा नवरदेवाचा मामा बाटली घेऊन याच्या तोंडाशी आला. घे म्हणाला, नाहीतर वरात पुढे जाऊ देणार नाही. याने क्लॅरिनेट ओठांवरून काढलीच नाही. मामा डावीकडून आला, हा उजवीकडे वळला. मामा उजवीकडून आला, हा डावीकडे. लोकांना वाटलं नाच चाललाय. शेवटी मामाच थकून खाली बसला. माझ्या अर्ध्या पार्टीला हा दारू सोडा म्हणून छळतो. माझी हरकत असली तर ती आहे."

शांतवन म्हणाला, "मालक आहे तो. आपल्या माणसाची बाजू घेणारच. स्टँडवर विचारू."

एसटी स्टँडवर हिरामणची चहाची टपरी होती. शांतवन रोज सकाळी तिथेच बसायचा. हिरामणने तिघांना बाकावर बसवलं आणि न विचारता चहा ओतला.

"याकोब होय?" तो म्हणाला. "चहात साखर फार मागतो. बाकी बोलतच नाही. नुसता टेबलावर बोटं वाजवत बसतो."

"तुमच्या मंडळीबद्दल, कुणाबद्दल काही वाईट बोलतो?" साहेबांनी विचारलं.

"त्याच्याकडून मला तुमचं कधीच काही कळलं नाही," हिरामण म्हणाला. मग त्याने सगुणाबाईंपुढे कप ठेवला आणि आवाज मऊ केला. "काकू, दीनाचं काय झालं हो? नवरा नांदवायला तयार झाला का? आणि त्या कोर्टाच्या कागदाचं?"

सगुणाबाईंनी कप उचलला नाही.

दीना ही त्यांची लेक. तिला नवऱ्याने टाकलं होतं आणि वर तिच्या चारित्र्यावर कोर्टात कागद केला होता. गावात सांगितलं होतं की ती बाळंतपणासाठी आली आहे. खरं काय ते सगुणाबाईंनी दोनच माणसांना सांगितलं होतं. येसुदासबाबांना, आणि प्रार्थना करा म्हणून शांतवनला. बाबा आता मातीत होते.

"तुला हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

हिरामण गोंधळला. त्याने फडक्याने हात पुसले आणि शांतवनकडे पाहिलं. "आपले दादाच की. मला म्हणाले, हिरामण, तूही तुझ्या देवाला सांग. चार ठिकाणी प्रार्थना गेलेली बरी. तेव्हा बाकावर बसलेल्या सगळ्यांनाच सांगितलं त्यांनी. वाईट भावनेने नाही हो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

साहेब म्हणाले, "जाऊ द्या, सगुणाबाई. अनवधानाने झालं असेल."

"आणि साहेब," हिरामणला आता आपण कुणालाच विसरलो नाही हे दाखवायचं होतं, "तुमच्या धाकट्याला पोलिसांनी सोडलं का? आम्हाला लई वाईट वाटलं."

पाळकसाहेबांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला. मुलाचं त्यांनीही प्रार्थनेसाठी म्हणून एकट्या शांतवनलाच सांगितलं होतं. बाईची लेक चव्हाट्यावर आली तेव्हा ते अनवधान होतं. स्वतःचा मुलगा आला तेव्हा ते पाप झालं. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "शांतवन, हे अत्यंत चुकीचं आहे." सगुणाबाईंनी त्यांच्याकडेही एकदा पाहून घेतलं.

तिघं परत आले. चर्चमध्ये गीत संपत आलं होतं. साहेब उभे राहिले. खरं सांगायची वेळ होती, पण त्यांना स्वतःच्या मुलाचं सांगावं लागलं असतं. म्हणून ते म्हणाले, "याकोबाबद्दल बाहेर चांगली साक्ष मिळाली. थोडा गैरसमज झाला होता, तो आपण प्रार्थनेने मिटवू. शांतवनदादा, तुम्हीच प्रार्थना करा."

शांतवनला हवं तेच मिळालं. त्याने डोळे मिटले. मंडळीने मान खाली घातली.

"हे प्रभू, आम्ही सगळे पापी आहोत. आमच्यातला कोण चुकत नाही? आमच्या बहिणीचं मन आज दुखावलंय. एकटी आहे, दुःखात आहे, म्हणून लहान गोष्ट तिला मोठी वाटते. तिला क्षमा करायची बुद्धी दे. आणि याकोबभावाला जो मान मिळतोय तो त्याच्या डोक्यात जाऊ देऊ नको..."

तो बराच वेळ बोलला. शेवटी आमेन म्हणाला. मागून आमेन आलं. नेहमीसारखं आलं नाही, कुठून कुठून आलं.

"मी म्हणणार नाही," सगुणाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी डोळे उघडले. त्या बायकांच्या बाजूला उभ्या होत्या.

"मी आजवर याच्या प्रत्येक खोट्याला आमेन म्हटलं. याकोब पितो, आमेन. साराला मारतो, आमेन. तुम्हीही म्हटलंत. माझ्या दीनाला नवऱ्याने टाकलंय. हो, टाकलंय, मी तिला लपवून ठेवलं. मी ते या माणसाला प्रार्थनेसाठी सांगितलं आणि याने ते स्टँडवर वाटलं. आता मला प्रार्थना नको. भाऊजी, डोळे उघडे ठेवा आणि याकोबाकडे बघून सांगा की मी खोटं बोललो. एवढंच सांगा. मग तबक फिरवा नाहीतर प्याला फिरवा, मी तुमच्या हातून घेईन."

शांतवनने याकोबाकडे पाहिलं. तोंड उघडलं. जो माणूस अर्धा अर्धा तास देवाशी न अडखळता बोलायचा, त्याला समोरच्या माणसाशी बोलायला शब्द सापडेना. त्याने मदतीसाठी बाकीच्या वडिलांकडे पाहिलं. ते सतरंजीचे दोरे बघत होते. मग त्याने सवयीने हळूच डोळे मिटले.

"उघडा," मागून रेबेका म्हणाली.

त्याने उघडले. पण बोलला नाही.

साहेबांनी घाईने याकोबाला पुढे बोलावलं. याकोब जागचा हलला नाही. "मला आज प्याला देऊ नका, साहेब," तो म्हणाला. "माझ्या मनात या माणसाला हाणायचं आहे. हे मन घेऊन मी तो धरणार नाही. आधी हे उतरू द्या."

त्या दिवशी त्या चर्चमध्ये प्रभुभोजन झालं नाही. भाकर आणि प्याला जसा झाकला होता तसाच राहिला. लोक घरी गेले. तीन-चार बायका मात्र सगुणाबाईंच्या घरी गेल्या आणि दीनापाशी बसून राहिल्या. कुणीही प्रार्थना केली नाही. एकीने तिच्या केसांना तेल लावलं.

पुढच्या महिन्यात याकोब मुख्य वडील झाला. त्या रविवारी दोन वडिलांना नेमकी सर्दी झाली. याकोब अजून चिडतो. पण बँडमधल्या एखाद्या पोरावर चिडला की दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी जातो आणि त्याच्या तोंडाकडे बघून चुकलो म्हणतो. हे करताना त्याची मान लाल होते, तरी करतो.

शांतवन अजून वडीलच आहे. वडिलांना काढायची पद्धत त्या मंडळीत नाही, ते वारायची वाट बघायची पद्धत आहे. बुधवारच्या सभेत त्याचा नंबर आला की तो उभा राहतो आणि म्हणतो, "प्रार्थना करू या." मंडळी मान खाली घालते, हात जोडते, बायका पदर सावरतात. शांतवन डोळे मिटतो आणि बोलू लागतो.

बाकी कुणीही डोळे मिटत नाही.

तात्पर्य: कुणाला पुढारी करायचं असेल तर त्याची प्रार्थना किती लांब आहे ते पाहू नका, दुसऱ्याचं दुःख त्याच्यापाशी सुरक्षित राहतं का ते पाहा, आणि मत्सराने रचलेलं खोटं ओळखूनही जो आमेन म्हणतो, तो त्या खोट्यातला भागीदार असतो, मग त्याचे केस कितीही पिकलेले असोत.